दोन ते चार, दोन्ही कूलर बंद

कूलरच्या ताट्या बदलणारा माणूस दारात आला की समजावं, परीक्षा आल्या. यंदाही तो आला. जुन्या ताट्या काढून त्यानं अंगणात टाकल्या, नव्या बसवल्या, त्यांवर दोन तांबे पाणी मारलं आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर झाला. इतरांना या वासानं थंड वाटतं म्हणे. माझ्या पोटात आधी गोळा येतो. चाळिशी जवळ आली, अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आता परीक्षा मी घेते, देत नाही. पण पोटाला हे कोणी कळवलेलं नाही.

त्यात परवा एम.एस्सी.च्या मुलांचे सेमिनार झाले. यादीत वीस विषय होते. बेडकाचं हृदय होतं, मधमाशीचा नाच होता, रेशीमकिडा तर दरवर्षी कोणीतरी घेतंच. एका मुलीनं नेमकं उठून जाहीर केलं की ती मेंदूतल्या शेजारी पेशींमधल्या विद्युत जोडणीवर बोलणार. विभागात एसी आहे, तरी मला घाम फुटला. मुलगी छान बोलली. पडद्यावर रंगीत पेशी होत्या, इकडून तिकडे पळणारे पिवळे ठिपके होते. मी ठिपक्यांकडे बघत पंधरा वर्षं मागे गेले, अकोल्याला, आमच्या घराच्या मागच्या खोलीत. तिथं मी दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत सोडून हाच विषय वाचत बसले होते.

विषय दिसतो तेवढा अवघड नाही. मेंदूतल्या बहुतेक पेशी एकमेकींशी निरोप पाठवून बोलतात. दोघींच्या मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, ते पलीकडे पोचतं, पलीकडची ते ओळखते आणि मग काय ते ठरवते. यात जरा वेळ जातो, पण सोय मोठी आहे. निरोप वाढवून सांगता येतो, उलटा सांगता येतो, गिळूनही टाकता येतो. काही शेजारणी मात्र हे सोपस्कार करत नाहीत. त्यांच्या भिंती एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात आणि भिंतींत प्रथिनांचे बोगदे असतात. इकडचा करंट सरळ तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. निरोप नाही, निरोप्या नाही, वाट पाहणं नाही.

एवढं मीसुद्धा अमरावतीला माझ्या एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये घडाघडा सांगितलं होतं. आमचे सर परतवाड्याचे. चष्मा कपाळावर चढवून डोळे मिटून ऐकायचे, आणि ते झोपले असं वाटायला लागलं की प्रश्न विचारायचे.

"बाई, रसायनाची जोडणी एवढी हुशार आहे. शिकते, कमीजास्त करते. मग ही नुसत्या भोकांची जोडणी मेंदूनं कशाला ठेवली? उपयोग काय?"

"समकालिकता, सर."

"म्हणजे?"

"सिंक्रोनायझेशन, सर."

"हे भाषांतर झालं. म्हणजे काय?"

मी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर माझ्याच अक्षरात समकालिकता लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. सर म्हणाले, "पंधरा दिवसांनी परत ये. घरच्या भाषेत सांग. पुस्तकातलं वाक्य आणलंस तर पुढच्या वर्षी ये."

पुढचं वर्ष मला परवडणारं नव्हतं. अमरावतीच्याच एका कॉलेजानं जूनपासून तासिका तत्त्वावर शिकवायला ये म्हटलं होतं. अट एकच होती, पास हो. माझ्या आयुष्यात कोणी मला कुठं ये म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी बॅग भरली, एसटीनं अकोल्याला आले आणि आईला सांगितलं की पंधरा दिवस मला कोणी हाक मारायची नाही. आई म्हणाली, "तुले कोण हाक मारून राह्यलं? काम काय येते तुले?"

अकोल्याचं आमचं घर जुळं. मधली भिंत एक, पलीकडे शोभाकाकू. मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत, तिच्यावरून बावीस वर्षं कढी, सांबार, विरजण आणि वाटेल ती बातमी इकडून तिकडे जात होती. आणि एक वायर जायची. कॉलनीत आमचं घर एका फेजवर, काकूचं दुसऱ्या. उन्हाळ्यात बाराच्या ठोक्याला एक ना एक फेज उडायचा, तो लाईनमन संध्याकाळी येऊन बसवेपर्यंत उडालेलाच असायचा. मग ज्याची लाईट गेली त्यानं शेजाऱ्याकडून वायर घ्यायची. गुढी उतरली की बाबा ती लाल-काळी वायर माळ्यावरून काढायचे आणि भिंतीवरून टाकून ठेवायचे. आमचा फेज गेला तर पिन तिकडे, बोर्ड इकडे. त्यांचा गेला तर उलट. कूलर लागले की वायर लागली, हे दोन्ही घरांचं पंचांगच होतं.

त्या वर्षी फेज जायचा तो आमचाच. काकूच्या घरून करंट यायचा, त्यावर माझ्या खोलीतला कूलर चालायचा आणि त्या हवेत मी पास होणार होते. सगळं नीट जमलं होतं. आणि मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी आई आणि काकूचं भांडण झालं.

कारण कुरडई. दोन घरांच्या कुरडया दरवर्षी एकत्र होत. गहू एकत्र भिजत, चीक एका गंजात शिजे, एकाच गच्चीवर सुकत आणि मग दोन डबे भरले जात. त्या दिवशी काकूची नणंद अचलपूरहून आली होती. तळलेली कुरडई तोंडात टाकून म्हणाली, "शोभा, काय फुलली वं तुही कुरडई." काकू नुसती हसली. आई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "फुलनारच. चीक म्या शिजवला."

"मंग शोभानं काय केलं?" नणंदेनं विचारलं.

"तिनं कावळे हाकलले."

आईच्या मते हे खरं होतं आणि खरं बोलायला चोरी कसली. काकूनं खरोखर दोन दिवस गच्चीवर बसून कावळे हाकलले होते. पण गहू निवडण्यापासून सोऱ्या दाबण्यापर्यंत निम्मं कामही तिनंच केलं होतं, आणि पाहुण्यांसमोर तिची नोंद झाली ती कावळ्यांपुरती. काकूनं ताट उचललं, आत गेली, आणि त्यानंतर आईशी एक शब्द बोलली नाही. आई तरी कशाला बोलते.

दोन्ही घरचे पुरुष ऑफिसात जाऊन तटस्थ राहिले. निरोप्या झाले मी. पुस्तकातल्या ज्या रसायनांची नावं मी पाठ करत होते, घरात त्यांचंच काम करत होते. आई आपल्या ओट्यावरून मोठ्यांदा म्हणायची, "काकूले सांग, दूधवाला उद्या येनार नाई." भिंतीपलीकडून काकू त्याहून मोठ्यांदा म्हणायची, "तुह्या मायले सांग, मले मालूम हाये." इतकं होऊनही मला उठून, भिंतीपाशी जाऊन, दोन्ही वाक्यं दोन्हीकडे पोचवावी लागत. नाहीतर आई म्हणायची, "निरोप देल्ला नाई का तिले?"

वायर काढायचा विषय मात्र कोणी काढला नाही. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी बाराला आमचा फेज उडाला. मी धास्तावून भिंतीपाशी गेले, तर काकूनं आधीच पिन लावून बटण दाबलेलं. आईला मी म्हटलं, वायर ठेवली बरं काकूनं. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी अभद्र बोलले.

"भांडनाचा अन् वायरचा काय संबंध?"

बरं, बोलणं बंद, पण दोघींचं सगळं एकाच वेळी चाललेलं. सकाळी आमचा कुकर आणि त्यांचा कुकर एकाच सुमारास शिट्टी द्यायचा. आईनं मिक्सर लावला की दोन मिनिटांत पलीकडे मिक्सर. आई साडेअकराला जांभई द्यायची, मी सहज भिंतीवरून पाहिलं तर काकू जांभई देत असायची. दोघी एकमेकींकडे पाठ करून एकाच वेळी कपडे वाळत घालत, तेही आधी चादरी, मग बाकीचं. मला हे दिसत होतं आणि मी त्यावर वैतागत होते, कारण मिक्सरनं अभ्यास होत नव्हता. डोक्यात समकालिकता, डोळ्यासमोर समकालिकता, आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर नाही. माणूस किती मठ्ठ असू शकतो याचा मला स्वतःपेक्षा चांगला दाखला मिळालेला नाही.

त्या पाच-सहा दिवसांत ऊन चढलं. अकोल्याचं ऊन अकोल्याच्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. दुपारी दोन वाजता व्होल्टेज इतका खाली यायचा की कूलरच्या पंख्याची पाती मोजून घ्यावीत. आणि नेमकं दोनला आई यायची, माझ्या कूलरचं बटण बंद करायची आणि न बोलता निघून जायची. चारला येऊन पुन्हा लावायची. मी म्हटलं, "आई, मला अभ्यास आहे." आई म्हणाली, "दोन घंटे पाय बादलीत ठेव." विषय संपला. मला वाटलं, काकूचे उपकार नकोत म्हणून हा मानीपणा चाललाय, आणि त्यात माझं वर्ष जाणार. मी आईवर मनातल्या मनात इतकी चिडले होते की नापास झाले तर कोणाचं नाव घ्यायचं हे माझं ठरलं होतं.

चिडलेल्या माणसाचं वाचन काय होणार. एकच परिच्छेद मी चार दुपारी वाचला. त्यात लिहिलं होतं की या बोगद्यांतून झटकन उसळणारं फारसं पलीकडे पोचत नाही, हळूहळू चढणारं नीट पोचतं. आणि एक पेशी काम करत असताना शेजारीण स्वस्थ बसली असेल, तर कामकरीचा थोडा करंट ती आपल्याकडे ओढून घेते. मी खाली रेघ मारली. रेघ मारली की कळल्यासारखं वाटतं.

सेमिनारला चार दिवस राहिले असताना अडीचच्या सुमारास आईनं मला एक चाळणी दिली. "ही तिची हाये. देऊन ये. अन् काई बोलू नको." मी भिंतीला वळसा घालून काकूच्या घरात गेले. घरात सामसूम. काकू हॉलमध्ये फरशीवर बसली होती, डोक्यावर ओला टॉवेल, चेहरा मिरचीसारखा लाल. समोर तिचा भलामोठा कूलर, बंद.

"काकू, कूलर कावून बंद?"

"हळू बोल." काकूनं मला खाली बसवलं. "माहा लावला की तुह्या कूलरले होल्टेज भेटत नाई. तुहा पेपर हाये ना तो. तर म्हटलं दोन ते चार पोरीले हवा लागो. पन मेला तुहा कूलर दोन वाजता बंदच पडते. आवाजच येत नाई. म्हनून मी लावतच नाई माहा, म्हटलं होल्टेज जमला तर पोरीचा सुरू होईन."

मी चाळणी तिच्यापुढं ठेवली.

"तुह्या मायले सांगू नको. तिले वाटन, मी मोठेपना दाखवून राह्यली. शपथ हाये माही."

मी घरी परत आले. आई स्वयंपाकघरात पदरानं वारा घेत होती. मी विचारलं, "आई, खरं सांग, दोनला कूलर का बंद करते?"

आईनं आधी भिंतीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तिचा कूलर दोन वाजता बंद पडते. तुले आवाज येत नाई का? तिच्या घरचा होल्टेज आपन खाऊन राह्यलो. तिले बीपी हाये. म्हनून आपला बंद करतो, म्हटलं तिचा तरी सुरू होईन. पन होतच नाई मेला." आणि पुढं तेच: "तिले सांगू नको. माही शपथ हाये."

मी माझ्या खोलीत गेले, दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून हसले. काकूनं कूलर बंद केला तो माझा चालावा म्हणून. तो आवाज थांबलेला ऐकून आईनं आमचा बंद केला, काकूचा चालावा म्हणून. आमचा थांबलेला ऐकून काकूनं तिचा लावला नाही. चारला काकू चहाला उठायची, कंटाळून कूलर लावायची, मग आई म्हणायची, "आला वाटते होल्टेज," आणि आमचा लावायची. म्हणजे आठवडाभर भर दुपारी, लाईट असताना, वायर जोडलेली असताना, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन कूलर एकमेकांच्या काळजीनं बंद उभे होते. एक वाक्य पलीकडे गेलं असतं तर दोन्ही फिरले असते. वाक्य न्यायला मी होते, आणि माझ्या तोंडात दोन शपथा.

हसता हसता मला रडू आलं, हेही सांगून टाकते. चार दुपारी मी आईला मनात शिव्या दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी दोन वाजता मुद्दाम कूलर चालूच ठेवला. आईला म्हटलं, मला घेरी येते. आई बटणाला हात न लावता परत गेली. कूलर रडतखडत फिरत राहिला आणि भिंतीपलीकडे आवाज नाही. म्हणजे काकू टॉवेल घेऊन बसली असणार, माझा चालला म्हणून खूश होत. मी दहा मिनिटं ती हवा खाल्ली. अकराव्या मिनिटाला मी उठून बटण बंद केलं. आता भट्टीत बसणाऱ्या आम्ही तिघी झालो, आणि तिघीही दुसरीची सोय व्हावी म्हणून. शपथ मोडायची हिंमत मला झाली नाही. आमच्याकडे ज्याची शपथ ते माणूस दुसऱ्या दिवशी शिंकलं तरी मोडणाऱ्याकडे बघतात.

आता मी राहते त्या अमरावतीच्या इमारतीत असलं काही होत नाही. प्रत्येकाकडे इन्व्हर्टर आहे, काचा लावलेल्या आहेत. शेजारी चांगले आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभात म्हणतात, निरोप व्यवस्थित येतात आणि जातात. पण भिंतीपलीकडचं माणूस उकाड्यानं लाल होऊन बसलंय हे कळायला मला त्यांच्या मेसेजची वाट बघावी लागेल, आणि ते मेसेज करणार नाहीत, कारण ते सभ्य आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आपल्या घरी कूलर मिळाला की माणूस दार लावतोच, मीही लावते.

सेमिनारच्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं निघाले. आईनं दही हातावर ठेवलं. भिंतीपलीकडून काकूनं दह्याची दुसरी वाटी पुढं केली. दोन्ही खाल्लं. बडनेऱ्यापर्यंत तोंडात दह्याचीच चव होती.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले. "हां. उपयोग काय?"

मी म्हटलं, "सर, दोन शेजारणी आहेत. त्यांचं बोलणं बंद आहे, पण भिंत एक आहे." आणि सगळं सांगितलं. कुकर, मिक्सर, जांभई, कूलर. कावळे गाळले. मग म्हटलं, "निरोप पाठवणाऱ्या पेशींना काय करायचं ते ठरवता येतं. या जोडलेल्या पेशींना ठरवावं लागत नाही. एकीचं चढलं की दुसरीचं चढतं, एकीचं उतरलं की दुसरीचं उतरतं. म्हणून हजारो पेशी एका ठेक्यात चालू शकतात. कोणी हुकूम दिलेला नसतो आणि कोणी कोणाची वाट पाहत नाही. राग पटकन उसळतो, तो भिंतीत अडतो, सर. काळजी हळूहळू चढते, ती पलीकडे जाते."

सरांनी डोळे उघडले. "आणि सगळ्यांनी मिळून चुकीचंच केलं तर?"

"तर सगळ्या एकाच वेळी चुकतात, सर. रोज दोन ते चार."

वर्गात कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"अकोल्याला आहे, सर."

"पास," ते म्हणाले. "जा, घरी फोन कर."

मी व्हरांड्यात येऊन आईचा मोबाईल लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा आवाज काकूचा होता.

"बोल."

"काकू? आई कुठं आहे?"

"हे काय, भिंतीपाशी उभी हाये. फोन वाजला तर उचलाची हिंमत नाई झाली तिची. भिंतीवरून माह्या हातात फोन देल्ला अन् तिकडं तोंड फिरवलं. बोलली काईच नाई. तू सांग लवकर, काय झालं?"

"पास झाले, काकू."

मी सवयीनं थांबले. आता ती म्हणणार, तुह्या मायले सांग. बारा दिवस असंच चाललं होतं. पण मी अमरावतीत होते, भिंतीपाशी त्या दोघीच होत्या आणि निरोप न्यायला मधे कोणी नव्हतं. ते काकूच्याही लक्षात आलं असावं. तिनं घसा खाकरला, फोन कानापासून दूर गेला.

"निर्मला," काकूचा आवाज लांबून आला, "पोरगी पास झाली वं."

मग आई बोलली, नाक ओढत, चिडून.

"ऐकलं म्या. बहिरी नाई मी."